बंद लाईनवरची रेघ

माझं काम काय, असं कोणी विचारलं तर मी सरळ सांगते, रेघा बघते. लोक हसतात. हसू देत. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या मागच्या गल्लीत ऋत्विक नावाच्या मुलाची सोलर बसवून देणारी छोटी कंपनी आहे. मालक असला तरी माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला मुलगाच म्हणते. तिथे एका पडद्यासमोर बसून मी एकशे बारा छपरांवर किती वीज तयार होते ते बघते. प्रत्येक घराची एक रेघ. सकाळी सातला उठते, साडेबाराला डोंगराएवढी होते, संध्याकाळी सहाला झोपते. ज्या घराची रेघ वाकडी, त्या घराला माझा फोन.

"काकू, तुमच्या सोलरच्या प्लेटींवर काय घातलंय?"

"कुठे काय गो?"

"काकू, अर्धीच वीज येतेय."

"अगो, दोन बांगडे घातलेत वाळत. तिथे मांजर चढत नाय."

असली माणसं! प्लेटींवर बांगडे वाळवतात, वर कावळे बसतात, त्यात समुद्राचं खारं वारं. महिनाभर पुसल्या नाहीत तर बोटाने नाव लिहिता येतं त्यांच्यावर. मग बिल आलं की "तुमचं सोलर चालत नाय" म्हणून माझ्यावरच ओरडायचं. मीही ओरडते. माझा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जातो, असं ऋत्विक म्हणतो.

पण एका वेळी रेघ शून्यावर पडली तरी मी कोणाला फोन करत नाही. रस्त्यावरची लाईन गेली की छपरावरचं सोलरही बंद पडतं, कितीही कडक ऊन असो. हे लोकांना पटता पटत नाही. "वर सूर्य आहे, खाली अंधार, मग लाखभर रुपये कशाला घातले?" मी सगळ्यांना एकच सांगते. लाईन बंद असते तेव्हा पोलवर माणूस चढलेला असतो. तुमच्या छपरावरची वीज उलटी पोलवर गेली तर तो मरेल. म्हणून ते यंत्र असं बनवलंय की लाईनची नाडी लागली तरच जागं होतं, नाडी गेली की झोपतं.

हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी माझा भाऊ असायचा. ओमकार. वीज खात्यात कंत्राटी वायरमन. बाबा गेले तेव्हा तो दहावीत होता आणि मी नोकरीला लागले होते. त्याची फी, त्याचा आयटीआय, त्याची पहिली मोटरसायकल, सगळं माझ्या हातून झालं. आमच्या दोघांची एक रीत होती. कुठल्या गावची लाईन बंद केली की तो आधी मला मेसेज टाकायचा. "ताई, पावस फाटा बंद." "ताई, चालू केली." तेवढंच. म्हणजे त्या गावच्या रेघा पडल्या तरी मी उगाच लोकांना फोन करून ओरडायला नको. तो म्हणायचा, "बिचाऱ्यांना तुझ्यापासून वाचवतो."

एकोणतीस वर्षांचा झाला तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. दोन ठिकाणी पोरी बघून झाल्या. "कंत्राटी म्हणजे कायम नाय ना?" एवढंच विचारून बापांनी चहा संपवला. आई रात्रंदिवस झुरायची. मग यंदा वैशाखात कुरणबंदरच्या बाबल्याकाकांची वेदिका स्वतःच हो म्हणाली. दवाखान्यात नर्स आहे, बोलायला फटकळ, थोडी माझ्यासारखीच. साखरपुडा झाला. लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं. आईने त्या दिवशी कितीतरी वर्षांनी दोन वाट्या खीर खाल्ली.

कुरणबंदर म्हणजे भाट्ये पुलापलीकडे, खाडीच्या काठाची वाडी. बाबल्याकाकांची बोट आहे आणि घराच्या मागच्या पडवीत तीन मोठे डीप फ्रीजर. कोळंबी, सुरमई साठवून हॉटेलांना देतात. बोटीची इंजिनं ते स्वतः उघडतात, स्वतः बसवतात. त्यांच्या हाताला कुठलंच यंत्र परकं नाही आणि तेच पुढे आमच्या घराच्या मुळावर आलं. त्यांच्या छपरावरचं सोलर आम्हीच बसवलेलं. माझ्या पडद्यावर रेघ क्रमांक एकाहत्तर. सगळ्यात देखणी रेघ. वेदिका दर रविवारी प्लेटी धुवायची.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आई आणि मी त्यांच्याकडे दर्शनाला गेलो होतो. घर पाहुण्यांनी भरलेलं. सकाळी अकराच्या सुमाराला जोराचा वारा आला आणि वाडीतली लाईट गेली. शेजारच्या घरातले दिवे विझले, आरतीचे टाळ थांबले. पाच मिनिटांनी बाबल्याकाकांच्या घरात पंखे फिरायला लागले, गणपतीपुढची माळ लुकलुकायला लागली. सगळे म्हणाले, "बाबल्याचं सोलर बघा! लाईट गेली तरी चालू!"

 मी फोन काढून एकाहत्तर नंबर उघडला. रेघ वर चढत होती. लाईन बंद आणि रेघ वर. असं होऊच शकत नाही.

मी तशीच साडीचा पदर खोचून मागच्या पडवीत गेले. बोटीवरचा जनरेटर धडधडत होता आणि त्याची एक जाड वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसलेली. बाबल्याकाका शेजारी उभे, गालातल्या गालात हसत.

"काय इंजिनेरबाय, कळलं काय?"

कळलं होतं. जनरेटरने घरात खोटी नाडी सोडायची. सोलरला वाटतं लाईन आली. ते जागं होतं आणि दोघं मिळून फ्रीजर ओढतात. डोकं बघा माणसाचं! पुस्तक न वाचता काढलेली युक्ती. आणि मी अशी भडकले की पाहुण्यांनी पडवीच्या दारातून डोकावून पाहिलं.

"काका, मीटरशेजारचा मोठा खटका वर असेल तर ही वीज घरात राहत नाही. बाहेर पोलवर जाते. पोलवर कोण असतं माहीत आहे ना तुम्हाला?"

"मी काय येडा हाय? जावई हाय तो माझा." त्यांनी मला हाताला धरून ओटीवर नेलं आणि लोखंडी खटक्याची दांडी दाखवली. खाली ओढलेली होती. "ही बघ. आधी खटका खाली, मग जनरेटर. लाईट आली की आधी जनरेटर बंद, मग खटका वर. भैरीबुवाची शपथ."

"परत म्हणा."

"आधी खटका, मग जनरेटर." मोठा माणूस, पोरासारखा म्हणाला.

मी फोनवर दुसरा आकडा बघितला. आमच्या ॲपमध्ये दोन आकडे दिसतात, किती वीज तयार झाली आणि घरातून बाहेर किती गेली. बाहेर: शून्य. खटका खरंच खाली होता.

आता इथे मी काय करायला हवं होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. दोनच कामं होती. ऋत्विकला सांगून ते सोलर तोडायचं आणि ओमकारला सांगायचं. पण ओमकारला सांगितलं असतं तर तो गप्प बसला नसता. कामाच्या बाबतीत तो बापालाही सोडायचा नाही. खात्यात कळवलं असतं, बाबल्याकाकांची जोडणी तोडली असती, दंड लागला असता. मग कसलं लग्न आणि कसलं काय. बाबल्याकाका मानी माणूस. पुढच्या ओटीवर आई वेदिकेला जवळ बसवून तिच्या केसांत अबोली माळत होती. मी ते बघितलं आणि फोन पर्समध्ये टाकला.

परतताना एस्टीत आई म्हणाली, "काय भांडलीस गो मागे?"

"काही नाही. प्लेटींवर मासे वाळवतात."

त्यानंतर एक महिना मी एकाहत्तर नंबरवर डोळा ठेवून होते. पाचदा लाईन गेली. पाचही वेळा ओमकारचा मेसेज आला आणि रेघ वर चढली. पाचही वेळा बाहेर शून्य. दर वेळी शून्य दिसलं की सुटल्यासारखं वाटायचं. आणि काय सांगू, हळूहळू मला त्या शून्याची सवयच झाली. लग्न झालं की काकांना चांगलं यंत्र बसवून देऊ, बॅटरीवालं, नियमातलं, असं मी मनात ठरवूनही टाकलं. लग्न होऊ दे एकदा.

मग खंडेनवमी आली. आदल्या दिवशी परतीच्या पावसाने गडगडाट केला होता, ठिकठिकाणी फांद्या पडल्या होत्या. सकाळी आईने देवघरापुढे पाट मांडला. आमच्याकडे या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुजतात. सुरी, विळी, कात्री, माझा लॅपटॉप, ओमकारच्या कामाची पिशवी. हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि दुसऱ्या दिवशी पूजा हलवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्यांनाही एक दिवस विश्रांती.

"आई, मला ड्युटी आहे गो," ओमकार म्हणाला आणि कुंकू लावलेली पक्कड, टेस्टर, कमरेचा पट्टा पाटावरून उचलून पिशवीत भरायला लागला. आईने जीभ चावली, पण उचलू दिलं. शेवटी राहिले रबरी हातमोजे. लालबुंद, कोरे. दोन वर्षं साहेबांकडे मागून मागून परवाच मिळाले होते. आईने त्यांवर हात ठेवला.

"एवढे तरी राहू देत देवाजवळ. नवी वस्तू आहे. आज पुजून उद्या वापर."

"राहू देत," तो हसला. "बंद लाईनवर कशाला लागतात हातमोजे?"

मी समोरच चहा पीत होते. इतरांवर ओरडणारी मी. एक शब्द बोलले नाही.

ऑफिसमध्येही ऋत्विकने पूजा केली होती. पडद्याला झेंडूची माळ, दारात माझ्या स्कूटरला माळ, चाकाखाली लिंबू. "आज कामाला सुट्टी, फक्त बसायचं," तो म्हणाला. पण पडदा चालू होता, त्यामुळे मी बघत होते. दहा वाजून पाच मिनिटांनी मेसेज आला. "ताई, कुरणबंदर शेवटची फांटी बंद. २ पर्यंत." पाठोपाठ एकाहत्तरची रेघ खाली पडली.

त्या फांटीवर, म्हणजे वाडीच्या टोकाला गेलेल्या तारेवर, सात घरं, त्यांतली पाच बंद. माणसं मुंबईत, गणपती करून परतलेली. उरली बाबल्याकाकांचं आणि एका म्हातारीचं. ओमकारने डीपीवरचे फ्यूज काढले असणार, टेस्टरने लाईन मेलेली आहे ना ते बघितलं असणार आणि काजूच्या बागेपलीकडच्या पोलवर चढला असणार. साखरपुडा झाल्यापासून तो त्या वाडीत कामाला गेला तरी सासरच्या घराकडे वळायचा नाही. लाजायचा. त्यामुळे तो दोनशे पावलांवर पोलवर आहे, हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

अकरा पस्तीसला एकाहत्तरची रेघ वर उठली.

मी खुर्चीत सरळ झाले. काका, आधी खटका मग जनरेटर, मी मनात म्हटलं. रेघ लगेच हलते, बाहेरचा आकडा मात्र दर पाच मिनिटांनी बदलतो. ती पाच मिनिटं मी पडद्याकडे बघत बसले. ऋत्विकने पुढ्यात पेढा ठेवला, तो तसाच राहिला. अकरा चाळीसला दुसरा आकडा आला.

बाहेर: ०.४.

मी डोळे चोळले. ०.४ तसाच. लाईन बंद आणि वीज घराबाहेर जात होती. कुठे जात होती ते सांगायला मला कोणी नको होतं.

ओमकारला फोन लावला. वाजत राहिला. पोलवर चढताना तो फोन मोटरसायकलच्या डिकीत ठेवतो, हे मीच त्याला शिकवलं होतं. बाबल्याकाकांना लावला. वाजत राहिला. वेदिकेला लावला, ती ड्युटीवर, तिचा बंद. काकांना परत. परत. परत. सातव्या वेळी मला आठवलं की काकांचा फोनही आज पाटावर असणार, हळदकुंकू लावून, देवापुढे. वाजत असेल आणि कोणी हात लावत नसेल.

"काय झालं नेत्राताई?" ऋत्विक घाबरून विचारत होता.

मी इथूनच एकाहत्तरचं सोलर बंद करण्याचं बटण दाबलं. रेघ आपटली खाली. पुढच्या आकड्याची वाट बघायला हवी होती, पण मी धावत दाराशी गेले. अकरा पंचेचाळीसचा आकडा आला तसा ऋत्विक मागून ओरडला, "बाहेर अजून ०.४ आहे, ताई! सोलर बंद झालं तरी!"

जनरेटर. सोलर झोपलं, पण जनरेटर चालूच होता.

"खात्यात फोन लाव! सगळ्यांना लाव! कुरणबंदरच्या पोलवरून माणूस उतरवा म्हणावं!" मी स्कूटरची माळ ओरबाडून काढली. फुलं रस्त्यावर पडली. लिंबू चाकाखाली फुटलं. समोरच्या दुकानातली बाई म्हणाली, "अगो, आज पुजलेली गाडी हलवू नये!" मी तिला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भाट्ये पूल मी कसा ओलांडला आठवत नाही. खाडीवर ऊन नुसतं तळपत होतं. सोलरसाठी याहून चांगला दिवस नसतो. डोक्यात एकच चाललं होतं, त्याने आज गप्पा माराव्यात, खाली उतरून पाणी प्यावं, फांदी तोडायला वेळ लागावा, तारेला हात लागू नये. देवा, फक्त तारेला हात लागू नये. आयुष्यात मी कोणाला एवढं विनवलं नव्हतं.

वाडीत शिरले तर सगळं गप्प. रस्त्याच्या कडेला पहिलं घर बंद, दाराला कुलूप, अंगणात गणपतीतलं तोरण वाळून काळं पडलेलं. मी त्याच्यावरून जाताना खिडकीतून आत दिसलं आणि माझा हात ब्रेकवर गेला. कुलूप लावलेल्या घरात, माजघरात, छताचा पंखा फिरत होता. जाताना बटण बंद करायला विसरले असतील. महिनाभर रिकाम्या घरात तो लाईटबरोबर फिरायचा आणि थांबायचा. आज लाईन बंद होती. तरी तो फिरत होता, अगदी सावकाश.

मी काकांच्या घराकडे वळले नाही, आधी बागेकडे वळले. इथेही मी चुकले का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. घर जवळ होतं. पण मला त्याला बघायचं होतं.

बागेपलीकडच्या पोलखाली त्याची मोटरसायकल उभी होती. डिकीत फोन वाजत होता, कोणीतरी लावत होतं. वर ओमकार पट्ट्यात होता. मी हाक मारली. आधी वाटलं तो वाकून काहीतरी बघतोय. मग दिसलं की त्याची मान वाकलेली आहे आणि पक्कड खाली गवतात पडलेली आहे, तिच्यावर आईने लावलेलं कुंकू.

मी परत धावले. स्कूटर तिथेच टाकून, पायीच. चप्पल कुठे गेली कळलं नाही. काकांच्या ओटीवर त्यांची आई, भागूआजी, जपमाळ ओढत बसली होती आणि तिच्या मागे भिंतीवर मीटर आणि तो खटका. दोघांना झेंडूची माळ घातलेली. खटक्याच्या दांडीला हळदीची पाच बोटं, खाली दोन तांदळाचे दाणे चिकटलेले. दांडी वर.

मी दांडीला हात घातला तशी आजी उठलीच. "अगो, पूजा हलली नाय अजून! हात नको लावू!"

मी दांडी खाली ओढली. माळ तुटून तिच्या अंगावर पडली. आवाज ऐकून बाबल्याकाका मागच्या पडवीतून आले, हात डिझेलने माखलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग दांडीकडे बघितलं.

"आईने लावू दिला नाय हात," ते म्हणाले. "पूजा केलेली ना. आणि जनरेटर आत्ताच देवीच्या मांडवातून आणला, त्याची नाय झाली पूजा, म्हणून म्हटलं चालेल. कोळंबी होती गो, उद्याची दसऱ्याची ऑर्डर. आणि लाईन तर गेलेलीच. बंद लाईनचं काय बंद करायचं?"

  मी बागेकडे हात केला. ते तिकडे बघत राहिले. मग त्यांना मोटरसायकल दिसली असावी, कारण ते एकदम खाली बसले.

माणसं जमली, शिडी आली, खात्याची गाडी आली. सरकारी दवाखान्यात वेदिका ड्युटीवर होती. तिथेच त्याला आणलं. ते मी लिहिणार नाही.

चौकशीला दोन साहेब आले. मी त्यांना त्या दिवसाची रेघ दाखवली, अकरा पस्तीसची. ते म्हणाले, "बरं झालं तुमच्याकडे नोंद होती." त्यांनी तेवढा एकच दिवस मागितला. मी तेवढाच दिला. भाद्रपदाचे दिवस खाली होते, बोटाने सरकवले असते तर दिसले असते.

घरी आई देवघरापुढून हलत नव्हती. पाट तसाच, विळी, कात्री, लॅपटॉप, सगळ्यांवरचं कुंकू सुकलेलं. आणि मध्ये ते लाल हातमोजे. दहा दिवस ती एकच वाक्य म्हणत होती. "मी ठेवून घेतले. त्याने मागितले असते तर दिले असते. मी ठेवून घेतले." बायका यायच्या, तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या, नशीब म्हणायच्या. ती कपाळ बडवायची. मी चहा करायचे. मी गप्प राहायचे. मला वाटायचं, एवढं तरी बरं, तिला दोष द्यायला एक जागा सापडली आहे. काय हलकट विचार असतात माणसाचे! माझ्या म्हाताऱ्या आईच्या डोक्यावर माझं पाप ठेवून मी कपात साखर ढवळत होते.

तेराव्या दिवशी माणसं गेल्यावर ती हातमोजे मांडीवर घेऊन बसली. एक बोट दुमडायची, परत सरळ करायची. मला ते बघवेना.

"आई," मी म्हटलं, "हातमोज्यांनी नाही गेला तो."

तिने हातमोज्याचं बोट दुमडायचं थांबवलं.

"काका जनरेटर लावतात ते मला गणपतीपासून माहीत होतं. त्या दिवशी मागे भांडले ना, ते त्यावरून. कधी ना कधी असं होणार हे माहीत होतं. मी कोणाला सांगितलं नाही."

बाहेर रस्त्यावर एक रिक्षा थांबली, कोणीतरी उतरलं, रिक्षा गेली. 

"ओमकारला?"

"त्यालाही नाही."

"का गो?"

"त्याने तोडलं असतं काकांचं कनेक्शन. लग्न मोडलं असतं."

तिने हातमोजे एकावर एक ठेवले. पदराने त्यांच्यावरचं कुंकू पुसायला लागली. सुकलेलं कुंकू निघत नव्हतं, तरी पुसत राहिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोडू द्यायचं होतंस."